बिरूची हाळी

बिरूच्या वर्षश्राद्धाला त्याचा पुतण्या अंकुश ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून जे बोलला, ते साफ खोटे आहे. "आमच्या चुलत्यानं आपल्या मनानं गोळ्या सोडल्या, म्हणून त्याची अन् मेंढरांची वाट लागली. तुमी कुणी असं करू नका," असे तो म्हणाला. मुलगा गुणी आहे, गावात चार लोक त्याचे ऐकतात आणि हेतूही चांगला होता. पण चांगल्या हेतूने खोट्याचे खरे होत नाही. त्याच्यानंतर निवृत्त गुरुजी उठले. त्यांनी तर बिरूला संतच करून टाकले. मुक्या जीवांशी बोलणारा, रागलोभ नसलेला, असे काय काय. गुरुजींनी बिरूला मेंढी धरताना जन्मात पाहिलेले नसावे. मी पाहिले आहे. त्याच्या तोंडच्या शिव्या ऐकून बाभळीवरची पाखरे उडत. मांडवाच्या मागच्या बाजूला दोन म्हाताऱ्या करणी, भानामती असे काहीबाही कुजबुजत होत्या. त्यांना मी गप्प केले.

तेव्हा नीट सांगणे भाग आहे, आणि ते सांगायला माझ्याइतका लायक आणि माझ्याइतका नालायक माणूस या पंचक्रोशीत दुसरा नाही.

नांदूरघाटच्या बाजाराला पायी जाता येते, अशा आमच्या गावात मी बत्तीस वर्षे जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हतो. लोक मात्र मला 'डागतर' म्हणत, आणि मी त्यांना एकदाही दुरुस्त केले नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

म्हसू आणि बिरू हे जुळे भाऊ. धनगराचे घर, पिढीजात मेंढरे. दोघांचे नाक, कपाळ, चालण्याची ढब, इतकेच काय खोकलासुद्धा एकच. लोक दोघांत गल्लत करीत. मी कधी केली नाही. म्हसू बोलताना समोरच्या माणसाकडे बघे. बिरू माणसाच्या खांद्यावरून पलीकडे बघे, कारण पलीकडे मेंढरे असत.

बिरूने मेंढरे कधी मोजली नाहीत. संध्याकाळी कळप परतला की तो वाघुरीच्या, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभा राही, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवी आणि म्हणे, "बांडी न्हाई." किंवा, "कानकापीची पोरगी मागं राह्यली." किती आहेत हा प्रश्न त्याला पडतच नसे. कोण नाही, एवढेच त्याला दिसे. आणि मग तो हाळी देई. ती हाळी लिहून दाखवता येणार नाही. आधी ओठांची एक लांब थरथर, मग घशातून निघालेला एक चढता स्वर आणि शेवटी जिभेचा टाळूवर एक टणका. तो टणका ऐकला की डोंगराच्या पोटातून मेंढी वळून येत असे. म्हसूनेही ती हाळी शिकण्याची खटपट केली होती. मेंढ्या त्याच्याकडे नुसत्या बघत.

एकदा लस टोचायला गेलो होतो. मी आकडा मोजत होतो, तो मेंढ्या धरून देत होता. शेवटची सोडली आणि मी वही मिटली.

"एक राह्यली," बिरू म्हणाला.

"कोण म्हणतो? त्रेसष्ट मेंढ्या, त्रेसष्ट सुया."

"सुया त्रेसष्टच हायत. पर त्या काळ्या मुंडीला तुमी दोनदा टोचलं. अन् ती बाभळीखालची तशीच बसलीय. ती तुमच्याकडं बघून हासतीय बघा."

"मेंढी हसते का बे?"

"तुमाला बघून हासतीय. मला बघून न्हाई हासत."

धनगरांची सगळी पोरेबाळे, बायाबापड्या हसल्या. मी चिडलो, आणि वहीत त्रेसष्टच लिहिले. बाभळीखालच्या मेंढीची मांडी पाहिली, तर सुईचा माग नव्हता. तिला टोचले ते मी कुणी बघत नसताना. बिरू अर्थात बघत होता.

दुसरी गोष्ट जुळ्या कोकरांची. सकाळची वेळ होती, वारा झोंबत होता. दोन कोकरे, दोन्ही माद्या, दोन्ही तांबूस, दोन्हींच्या कपाळावर पांढरा टिळा. "सांगा डागतर, ह्या दोघींत फरक काय?" असे त्याने मला विचारले. मी दात पाहिले, डोळे पाहिले, नाभी पाहिली आणि म्हणालो, "काही नाही. एकच वाण."

बिरू म्हणाला, "हिला आईनं चाटून वाळवली. दुसरी पडंस्तवर आई दमली. ती तशीच वल्ली राह्यली, वाऱ्यात. आता ही दुसरी जलमभर वाऱ्याला भ्येनार. औषद पाजताना हिला हळू पाजा."

मी हसलो. मला हसण्याचा अधिकार होता, असे मला वाटत होते. "चाटल्यानं रक्त बदलतं का रे?"

"रगत न्हाई बदलत," तो म्हणाला. "मेंढरू बदलतंय."

मी दोन्ही कोकरांना सारखेच औषध पाजले. आमच्या धंद्याचा नियमच तो. जंताचे औषध आधी एका मेंढीला पाजायचे. तिला लागू पडले की बाटली घेऊन सगळ्या कळपाला. आणि औषध पाजल्यावर एखादीच्या तोंडाला लाळ आली, तर घाबरायचे नाही. लाळ म्हणजे औषध उतरले. हे नियम मी किती तरुण मुलांना शिकवले आहेत. मेंढ्यांपुरते या नियमांनी माझे काम भागवले.

पुढे म्हसूला आजार झाला. लग्न झालेले, अंकुश झालेला, आणि माणूस एकाएकी विहिरीत कुणी बोलते म्हणून दगड टाकू लागला. त्याला बीडला नेले. मनाच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असे निदान केले, गोळ्या दिल्या, हळूहळू त्यांची मात्रा बसवली आणि वर्षाच्या आत म्हसू असा सुधारला की बाजारात तो स्वतःच लोकांना सांगे, "मी येडा झालतो. आता न्हाई." त्या धैर्याला मी आजही मान देतो.

तीन-चार वर्षांनी तेच बिरूला झाले. त्याला वाटू लागले की मेंढ्या माणसांच्या आवाजात बोलतात, त्याच्याविषयी बोलतात. कळपाकडे पाठ करून, कानांवर घोंगडीचे टोक दाबून तो बसू लागला. ज्या माणसाने आयुष्यभर मेंढरांकडे तोंड केले, त्याची पाठ पाहणे फार वाईट होते.

म्हसूची बायको सखुबाई माझ्याकडे आली. मेंढरे घेऊन पाटोद्याकडच्या डोंगराला निघायचे दिवस होते.

"डागतर, भावजींना बीडला न्यावं म्हनते. पर ह्ये निघालेत मेंढरं घिऊन. पंधरा दिस थांबाया सांगू का?"

मी खुर्चीत बसलो होतो, हे मला नीट आठवते. खुर्चीत बसून मी म्हणालो, "कशाला? दोघे एकाच कुशीचे, एकाच वाणाचे. म्हसूला ज्या गोळ्या लागू पडल्या, त्याच याला पडतील. तितक्याच द्या."

"तितक्याच? ह्येंला तर आधी अर्धी दिलती."

"ते अंदाज घेत होते. आता अंदाज आलेला आहे."

"तुमी म्हनता तर देते," सखुबाई म्हणाली.

म्हसूच्या चिठ्ठीवर दोघांपुरत्या गोळ्या मीच आणल्या.

चौथ्या दिवशी निरोप आला की बिरूची मान एका बाजूला वळली आहे, जबडा आखडला आहे, डोळे वर जाऊन अडकतात, तोंडातून लाळ गळते, आणि तो घडीभर एका जागी बसू शकत नाही, उभ्या उभ्या पाय आपटत राहतो. मी गेलो. पाहिले. सखुबाई म्हणाली, "बंद करू का?" मी काय म्हणालो असेन, ते वाचणाऱ्याच्या ध्यानात आलेच असेल. मी म्हणालो, "लाळ गळते आहे ना? म्हणजे औषध उतरले. चालू ठेवा."

मान पुढे थोडी सैल झाली. जबडा झाला नाही. तो सगळा उन्हाळा बिरूने गोळ्या घेतल्या. एकही चुकवली नाही. सखुबाई रोज सकाळी भाकरीबरोबर तळहातावर गोळ्या ठेवी आणि तो त्या गिळी. मेंढ्यांचे बोलणे ऐकू येणे कमी झाले होते, हेही खरे; त्यामुळेच सगळ्यांना, मलाही, आपले बरोबर आहे असे वाटत राहिले. तो पुन्हा मेंढरांकडे तोंड करून बसू लागला होता. आणि मेंढरे राखायला माणूस हवाच होता.

मग अपघात झाला, भर दुपारी. गावाजवळच्या वळणावर कळप डांबरी रस्ता ओलांडत होता, वरून मालट्रक उतरत होता. अशा वेळी एक हाळी पुरते. कळप जागच्या जागी वळतो. मला जखमी मेंढ्यांसाठी बोलावले म्हणून मी पोहोचलो. नऊ मेंढ्या गेल्या होत्या. टिळ्याच्या त्या दोघी तोवर मोठ्या झाल्या होत्या. त्यांतली एक गेली. कोणती, ते मला ओळखता आले नाही.

बिरू रस्त्याच्या कडेला उभा होता. उजव्या हाताची दोन बोटे त्याने आपल्या हनुवटीखाली घातली होती आणि तो जबडा वर रेटत होता. ओठ थरथरवायचा प्रयत्न करीत होता. आवाज म्हणून नुसता वारा येत होता. मला पाहून तो म्हणाला, "डागतर, हाळी निघंना." जीभ जड होती, शब्द एकमेकांत अडकत होते. "मी वरडलो. त्यांनी वळखलंच न्हाई मला."

भोवती गर्दी जमली. म्हसू अजून पोहोचला नव्हता. सरपंचांनी विचारले, "कावून झालं असं? ह्यो तर बरा झालता की." कुणीतरी म्हणाले, "गोळ्या सोडल्या असतील याने." लगेच सगळ्यांनी माना हलवल्या. सोपे होते. येड्याने गोळ्या सोडल्या, येड लागले, मेंढरे मेली. त्या दिवसापासून गावात हीच कथा चालते, आणि अंकुश मांडवात बोलला तो तीच कथा बोलला. तो त्या वेळी शाळकरी होता. ते वाक्य पहिल्यांदा कुणी उच्चारले, हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही.

ते वाक्य मी उच्चारले.

सखुबाई गर्दीत होती. त्याच सकाळी तिने स्वतःच्या हाताने गोळ्या दिल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिले. मी मेंढीची जखम बांधत होतो. डागतरांच्या पुढे चारचौघांत बाईमाणसाने बोलायचे कसे, म्हणून ती गप्प राहिली. आणि ती गप्प राहील हे मला ठाऊक होते. बिरूने पुन्हा मेंढरे राखू नयेत, असे त्याच संध्याकाळी चार माणसांत ठरले. त्या चार माणसांत मीही बसलो होतो.

मग त्याला तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरबाईंना दाखवले. तरुण मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. मी बरोबर गेलो, मदतीला म्हणून. खरे तर भांडायला गेलो होतो. गोळ्यांत दोष निघाला, तर तो म्हसूलाही बाधायला हवा होता, असा माझा बिनतोड मुद्दा होता.

"मॅडम, दोघे जुळे आहेत. एकच वाण. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला बाधते, हे शास्त्रात बसते का?"

"बसतं, काका," ती म्हणाली, आणि माझ्याऐवजी सखुबाईकडे वळली. "दोघं लहानपणी एकत्रच वाढले का?"

"न्हाई जी. बहात्तरच्या दुस्काळातला जलम. सासूला दूध एकापुरतंच. ह्येंला ठिवलं अन् भावजींना दिंद्रुडला मावशीकडं धाडलं. तिथं लई हाल झाले म्हनं. सात वर्साचे झाल्यावर परत आले."

इतकी वर्षे मी या घरात जात-येत होतो. मेंढीची आई कोण, आईची आई कोण, हे मी विचारत असे. हे कधी विचारले नव्हते.

मी काय काम करतो ते डॉक्टरबाईने विचारून घेतले आणि म्हणाली, "मग तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगते. कळपात मेंढ्यांवर खूण कशी करतात?"

"गेरूचा ठिपका लावतात."

"तसंच समजा. आईबापांकडून आलेला जनुकांचा कळप या दोघांचा सारखाच आहे. पण जगताना त्यातल्या काहींवर ठिपके पडत जातात. उपासमार, ताप, भीती, बिडीचा धूर, कशानंही. ठिपका पडला म्हणून जनुक बदलत नाही. तिथंच असतं, पण गप्प बसतं. कधी गप्प बसलेलं जागं होतं. औषध मेंदूत ज्या दारांवर जाऊन काम करतं ती दारं, आणि शरीर औषध किती वेगानं जिरवतं ते, हे सगळं अशाच जनुकांवर अवलंबून असतं. ठिपके वेगळे असले, तर एकाच गोळीचा गुण दोघांना वेगळा येऊ शकतो."

"येऊ शकतो म्हणजे? येतो की नाही येत?" मी तिला शब्दांत पकडले.

ती अजिबात चिडली नाही. "येऊ शकतो म्हणजे येऊ शकतो. अभ्यास अजून चालू आहे. यांच्या बाबतीत हेच झालं, असं मी लिहून देणार नाही. ठिपके बघून अमक्याला अमकीच गोळी, असं सांगणारी तपासणी माझ्याकडं नाही. म्हणून तर जुळा असला तरी माणूस नवा धरायचा. थोडक्यानं सुरुवात करायची, पुन्हा बोलवायचं, मान बघायची, जबडा बघायचा." मग तिने कागद पुढे ओढला. "यांना एकदम एवढी मात्रा कुणी सुरू केली?"

सखुबाई जमिनीकडे बघत राहिली. बिरू माझ्या खांद्यावरून पलीकडे खिडकीकडे बघत होता.

"कुणीतरी सांगितलं असेल," मी म्हणालो.

मला त्या वेळी ओले राहिलेले ते कोकरू आठवले. जे त्या मुलीने मला एवढ्या सायासाने समजावले, त्याच्या शेजारचे काहीतरी बिरूने वाऱ्यात उभे राहून एका वाक्यात सांगितले होते, आणि मी हसलो होतो.

नव्या गोळ्या त्याला मानवल्या. जबडा सुटायला मात्र पुष्कळ दिवस लागले, आणि पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही. मेंढरे त्याला कुणी परत दिली नाहीत. म्हसूला वाटत असे, द्यावीत. पण गावाने ठरवलेले मोडायचे कसे? "गोळ्या सोडणारा माणूस, पुन्हा सोडल्या तर?" असे लोक म्हणत. त्यावर म्हसूकडे उत्तर नव्हते. माझ्याकडे होते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अंकुशने ध्वनिक्षेपक शेवटी माझ्या हातात दिला. मला पुढच्या रांगेत बसवले होते, टोपी-टॉवेल दिला होता. सखुबाई खांबाला टेकून बसली होती. आता ती थकली आहे, पण नजर तीच. मी म्हणालो, "बिरू भला माणूस होता." आणि बसलो. अंकुशला खोडून काढायला मला दहा शब्दही लागले नसते. या वयात, सगळ्या पंचक्रोशीला जन्मभर खोडून काढलेल्या माणसाला, ते दहा शब्द आले नाहीत.

आणि हे मी काय कबूल केल्यानंतर केले, ते ऐका.

तो जाण्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी त्याला शेवटचे पाहिले. गावाबाहेर दुसऱ्या धनगरांचा तळ पडला होता. दिवस मावळायच्या बेतात होता, मेंढ्या चरून परतत होत्या, आणि दिवसभर वाघुरीत अडकलेली कोकरे एकच कालवा करीत होती. त्यांना त्यांची त्यांची आई गाठून द्यायला बिरू रोज तिथे जाई. कुणी बोलावलेले नसे. परक्या कळपातही कुणाचे कोण, हे त्याला दोन दिवसांत कळले होते. मधूनच तो हाळी देई. थरथर होती, स्वर होता. टणका नव्हता.

मी जवळ गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकले. "बिरू, त्या गोळ्या म्हसूच्या होत्या. बीडला नेऊ नका, असं मी सांगितलं. लाळ गळत असताना चालू ठेवा, असंही मीच सांगितलं. आणि तू गोळ्या सोडल्यास, असं रस्त्यावर मी म्हणालो."

त्याने हातातले कोकरू खाली सोडले. या खेपेला तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "मी तितंच हुबा हुतो न्हवं."

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"ह्ये मला कावून सांगता? मी गोळ्या सोडल्या न्हाईत, ह्ये मला ठावं हाय. तुमी चार माणसांत म्हनालता. मंग चार माणसांतच सांगा."

"सांगतो."

"कवा?"

एवढे विचारून तो वाघुरीत वाकला. सगळी कोकरे पांगली होती. एकच कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. ते त्याने दोन्ही हातांनी उचलले, त्याच्या आईला शोधून काढले, आणि तिने तोंड फिरवले तरी न हलता, न बोलता, ती चाटायला लागेपर्यंत ते तिच्या नाकापुढे धरून उभा राहिला.